स्नीक अटॅक

स्नीक अटॅक : टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या भूमिकाखेळांतील चोराचा हक्काचा वार. शत्रू बेसावध असेल किंवा दुसऱ्या कोणाशी भिडलेला असेल, तर चोराच्या हातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इजा होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळात हा नियम घडत गेला. तिथे २००० पासून या पात्राच्या वर्गाला ‘रोग’ म्हणतात. पण मराठीत त्या उच्चाराचा अर्थच वेगळा, म्हणून या नोंदीत चोर हाच शब्द वापरला आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात चोर नव्हता. योद्धा, मांत्रिक आणि धर्मगुरू एवढेच वर्ग होते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने चोर आणला आणि त्याच्याबरोबर ‘बॅकस्टॅब’, म्हणजे पाठीत वार, हा नियमही आला. नकळत मागून वार केला की नेमात ४ ची भर आणि इजा निदान दुप्पट. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती पातळीनुसार पाचपटीपर्यंत जाई. हे ऐकायला भयंकर वाटते, पण गुणाकार फक्त शस्त्राच्या स्वतःच्या इजेचा होता. सुऱ्याचा फासा चार बाजूंचा, सरासरी अडीच. पाचपट केली तरी साडेबारा. शिवाय एकदा लढाई पेटली की शत्रूच्या पाठीमागे नकळत पोहोचणार कसे? त्यामुळे बऱ्याच चोरांच्या वाट्याला हा वार क्वचितच येई.

तिसऱ्या आवृत्तीने (२०००) गुणाकार काढून बेरीज आणली. पहिल्या पातळीला सहा बाजूंचा एक जादा फासा, मग दर दोन पातळ्यांना आणखी एक, एकोणिसाव्या पातळीला दहा. अटही सैल झाली : साथीदार शत्रूच्या समोरच्या बाजूला उभा राहिला आणि शत्रू दोघांच्या कचाट्यात सापडला, की पुरे. एका फेरीत जितके वार लागतील तितक्यांना हे फासे मिळत, म्हणून दोन्ही हातांत शस्त्र घेतलेला चोर जबर ठरे. त्याला लगाम होता तो शत्रूच्या जातीचा. प्रेते, यंत्रपुतळे, चिखलगोळे, वनस्पती यांना मर्मस्थान नाही, म्हणून त्यांच्यावर हा वार चालत नसे. हा लगाम वाईटच म्हटला पाहिजे. कथा स्मशानात गेली की चोर खेळणारा माणूस सत्रभर हात बांधून बसे. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या भूमिकाखेळाने २००९ मध्ये प्रेते आणि पुतळे यांच्यावरची बंदी उठवली, ते योग्यच झाले.

चौथ्या आवृत्तीने (२००८) हा वार फेरीत एकदाच, असे ठरवले. पाचव्या आवृत्तीत (२०१४) तो दर पाळीला एकदा मिळतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एका फेरीत प्रत्येकाची पाळी येते. पळणाऱ्या शत्रूवर चोराला त्या शत्रूच्या पाळीत वार करता आला, तर जादा फासे पुन्हा मिळतात. या वारासाठी लपून किंवा अन्य कारणाने वरचढ स्थिती हवी, नाहीतर साथीदार लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत हवा आणि चोर स्वतः अडचणीच्या स्थितीत नको. शस्त्र हलके-चपळ किंवा लांबून मारायचे असावे. परशू चालत नाही.

मूठभर फासे टेबलावर पडले की खेळ चालवणारे बिचकतात आणि नियमाला कात्री लावतात. हिशेब वेगळे सांगतो. पाचव्या पातळीला चपळाईची ४ ची भर धरून रेपिअर तलवारीचा चोर तीन जादा फाशांसह सरासरी १९ इजा करतो. त्याच पातळीचा, ताकदीची ४ ची भर असलेला योद्धा मोठ्या तलवारीच्या दोन वारांत २२ करतो. शिवाय योद्ध्याचा एक वार चुकला तर दुसरा उरतो. चोराचा एकच वार चुकला तर सगळे फासे गेले. म्हणून या नियमाचा तोल फाशांच्या संख्येवर नसून, अट कितीदा जुळते यावर आहे. २०२४ च्या नियमांत पाचव्या पातळीपासून चोर एक फासा सोडून शत्रूला विष देऊ शकतो, पाडू शकतो किंवा वार करून मोकळा निसटू शकतो. यामुळे वार लागला की जादा फासे टाकण्यापूर्वी त्याला निवड करावी लागते, आणि आजवरच्या सुधारणांत ही सर्वांत चांगली आहे.

चोराचे फासे कापण्याआधी खेळ चालवणाऱ्याने दोन-तीन सत्रे त्याचे चुकलेले वारही टिपून ठेवावेत.