तिथी आणि पाऊस : फडाच्या तमाशाचे ऋतुमान

महाराष्ट्रातील ढोलकी फडाच्या तमाशाचा हंगाम विजयादशमीला सुरू होतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, फार तर बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. उरलेले जवळजवळ पाच महिने फड मोडलेला असतो. फड म्हणजे मालक, नाचणारे-गाणारे कलावंत, वादक, सोंगाड्या आणि राबणारे कामगार मिळून गावोगाव हिंडणारा संच. बंदिस्त थिएटरात, छपराखाली सादर होणाऱ्या संगीत बारीहून तो वेगळा असतो, आणि हे वेगळेपण सर्वांत आधी जाणवते ते पावसात. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरातील बारी मृगातही रंगू शकते. फडाच्या डोक्यावर मात्र आभाळाखेरीज काही नसते.

हंगामाचा आरंभ दसऱ्याला होण्यामागे मुहूर्तापेक्षा भूगोल अधिक आहे. पेशवाईत लष्कर सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघे तेही याच दिवशी, कारण तोवर नद्यांना उतार पडलेला असे, वाटा वाळलेल्या असत आणि वैरण मिळू लागे. लष्करी छावण्यांच्या आश्रयाने वाढलेल्या तमाशाला हेच वेळापत्रक मिळाले आणि छावण्या उठल्यानंतरही ते टिकले, कारण फडाच्या बैलगाड्यांनाही कोरडी वाट आणि पीक निघून मोकळे झालेले रान लागतच होते. पावसाळ्याची बेकारी या धंद्याने अशी पूर्वीपासून हिशेबात धरलेली आहे. कलावंत त्या काळात गावी जाऊन मोलमजुरी करतात आणि पुढच्या हंगामाच्या बोलीवर मालकाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम घेतात. मालक ती बहुधा कर्ज काढूनच देतो. त्यामुळे दसऱ्याला पहिला पडदा उघडतो तेव्हा अख्खा फड आधीच देणेकरी झालेला असतो. नेमाने येणाऱ्या पावसाने या व्यवस्थेला कधी मोडले नाही. तिला मोडतो तो नेम सोडून आलेला पाऊस, आणि तितकाच न आलेलाही.

हंगामाचे दोन भाग पडतात. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंतचे खेळ प्रामुख्याने तिकिटाचे असतात. मोकळ्या मैदानाला कापडी भिंतीचे कडे घालतात, त्याला कनात म्हणतात. तिच्या आत रंगमंच आणि उघड्यावर बसलेले प्रेक्षक असतात. या काळात माळेगावच्या खंडोबासारख्या मोठ्या यात्रांत एकापेक्षा अधिक फड शेजारी-शेजारी उतरतात. चैत्रापासून गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा लागतात आणि ‘सुपारी’चे खेळ सुरू होतात: गावाने वर्गणी काढून ठरलेली बिदागी द्यायची आणि खेळ सर्वांना फुकट दाखवायचा. या सुपाऱ्या फोडण्याचे मोठे केंद्र म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांच्या नावाने ओळखले जाणारे. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्यांचे पुढारी राहुटी-राहुटीतून भाव विचारत फिरतात. आधीच्या पाच महिन्यांत आलेली तूट या दीड-दोन महिन्यांत भरून काढायची, असा एकूण हिशेब असतो.

पण यात्रा तिथीला बांधलेली असते. चैत्र पौर्णिमेची यात्रा पाऊस आला म्हणून पंचमीला करता येत नाही, आणि गावाने करायची म्हटले तरी फड त्या दिवशी दुसऱ्याच गावाला बांधलेला असतो. रात्री खेळ, सकाळी ‘हजेरी’, म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशीचा छोटा कार्यक्रम, आणि लगेच पुढच्या गावचा प्रवास, असा हा क्रम आहे. त्यात वळवाच्या एका सरीने बुडालेली रात्र परत मिळत नाही. उलट काळ्या रानात गाडी रुतली, तर पुढच्या गावची सुपारीही धोक्यात येते. सुपारीची काही रक्कम खेळानंतर मिळायची असेल आणि वग अर्ध्यावर असताना पाऊस कोसळला, तर खेळ झाला की नाही झाला, यावर तंटा ठरलेला. वग हे तमाशातील कथानाट्य. गण, गवळण आणि बतावणी यांच्यानंतर ते येते, म्हणजे रात्र बरीच चढल्यावर, आणि गावाला खेळ पुरा झाल्यासारखा वाटतो तो त्यानेच.

गारपीट याहून वाईट, कारण तिचा मार दुहेरी बसतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली, ती नेमकी यात्रांचा मोसम तोंडावर असताना. द्राक्षे, गहू, हरभरा झोडपला गेलेला शेतकरी वर्गणी कोठून देणार? १९७२ च्या दुष्काळासारख्या काळात तर आभाळ निरभ्र असूनही फडाची उपासमार टळत नाही. पाणी नाही तर पीक नाही, आणि पीक नाही तर यात्रेत देवाची पालखी निघते, तमाशा मात्र वगळला जातो. हंगामाच्या दुसऱ्या टोकाला २०१९ मध्ये परतीचा पाऊस लांबला, त्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे लागोपाठ उठली, आणि दसरा-दिवाळीनंतरचा जो काळ तिकिटाच्या खेळांचा, तोच चिखलाचा ठरला. कोकणातील दशावताराला असे तडाखे तुलनेने कमी बसतात. त्याच्या जत्रा भातकापणीनंतर सुरू होतात, आणि खेळाला अनेक ठिकाणी देवळाच्या आवाराचा आसरा असतो.

फडाच्या सामानाचाही पाण्याशी उभा दावा आहे. भिजलेली सुती कनात दुप्पट जड होते आणि तशीच गुंडाळली तर बुरशी धरते, म्हणून पाऊस गेल्यावरही ती सुकेपर्यंत तळ हलवणे अवघड. ढोलकी आणि हलगी यांचे चामडे दमट हवेत सैल पडून आवाज बसतो. हलगीवाले ती जाळावर धरून तापवतात, आणि चामडे ताणले गेले की बोटाच्या टिचकीने नाद पारखतात. सर्वत्र ओल असताना तेवढे कोरडे सरपण मिळणे हीही एक कामगिरीच. उजेडाची कथा अधिक विलक्षण आहे. मशालींच्या काळात पावसाची भुरभुर चालून जात असे. गॅसबत्ती आली, तेव्हा तापलेल्या काचेवर थेंब पडून ती तडकू लागली. पुढे जनरेटर, ध्वनिवर्धक आणि विजेचे दिवे आले, फडाचा थाट वाढला, माणसे शंभराच्या घरात गेली, आणि पावसापुढे फड पूर्वीपेक्षा अधिक हतबल झाला. कारण ओल्या रंगमंचावर वीज खेळवण्याचा धोका कोणी पत्करत नाही. हलगीला आता अनेक ठिकाणी फायबरचे पान बसते, ते ओलीने सैल होत नाही आणि त्याला जाळही लागत नाही. पण थेंब पडू लागले की सर्वांत आधी जनरेटर बंद केला जातो, आणि घोंगडे पांघरून बसून राहण्याची तयारी असलेला प्रेक्षकही अंधारात उठून घरची वाट धरतो.