श्वास, रक्त आणि लाळ : गडचिरोलीतील एका मोजमापाची कथा

मूल आजारी आहे हे आईला कळते. ते दगावण्याच्या मार्गावर आहे का, हे तिने कशावरून ओळखावे? २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा होता.

दाहाची एक खूण वैद्यकाला १९३० मध्येच गवसली होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ आढळला. तेच पुढे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्यासाठी सुई हवी, प्रयोगशाळा हवी. पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकलेल्या गावाला त्याचा काय उपयोग?

म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रक्ताऐवजी श्वास मोजला. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० श्वास, त्याहून मोठ्याचे ५०, ही धोक्याची रेषा. पण निरक्षर दाईने पन्नासपर्यंत मोजायचे कसे? यातूनच एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची रांग असलेले साधन घडले. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला, तर न्यूमोनिया. शिकवलेल्या दाई आणि आरोग्यसेवकांनी गावातच औषध दिले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले आकडे थक्क करणारे आहेत : पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर इथे ८.१.

मात्र आजार विषाणूचा की जिवाणूचा, हे श्वास सांगत नाही.

मे २०२१ मध्ये नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरील कोरोना चाचणीला मान्यता मिळाली. नमुना रुग्ण स्वतःच देऊ शकत असे. विषाणू आहे की नाही, एवढे ती सांगते. आजार किती गंभीर, हे नाही.

ते लाळेतील दाहखुणांवरून कळेल का? सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन यकृतात बनते आणि रक्तातून लाळेत अत्यल्पच उतरते. इंटरल्यूकिन-६ मात्र सुजलेल्या हिरड्यांतूनही लाळेत येते. इथे खऱ्र्याची आठवण अपरिहार्य आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना यांचे हे मिश्रण या दोन्ही जिल्ह्यांत इतके रुजलेले, की २०१६ मध्ये गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान उभारावे लागले. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातला दाह फुप्फुसाचा समजला गेला, तर शहरात ठरवलेली मर्यादा इथे फसेल. ती इथल्याच माणसांवर, खर्रा खाणारे आणि न खाणारे वेगळे करून, श्वास आणि रक्तातील प्राणवायूशी ताडून ठरवावी लागेल.