.४१० टर्की शॉटगन: एवढ्या बारीक नळीत एवढा दम कुठून येतो?

बीजीएमआयमध्ये एस१८९७ नावाची पंप-अ‍ॅक्शन शॉटगन तुम्ही कधीतरी उचलली असेलच. ती १२ गेजची, म्हणजे आपल्याकडे जिला 'बारा बोअर' म्हणतात त्या मापाची. अमेरिकेत मिसुरीला राहणारा माझा एक टीममेट दर वसंतात रानटी टर्कीच्या शिकारीला जातो. त्याची बंदूकही पंप-अ‍ॅक्शनच, पण नळी खूपच बारीक: .४१० बोअर, बोलताना 'फोर-टेन'. टर्कीचा मोठा नर दहा किलोपर्यंत भरतो. एवढ्याशा बंदुकीने तो पडतो कसा, म्हणून मी वाचत सुटलो.

आधी मापाचा घोळ सोडवू. नळीच्या व्यासाएवढे शिशाचे किती गोळे एक पाउंडात बसतात, तो आकडा म्हणजे गेज. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते, मोबाइल कॅमेऱ्याच्या एफ-नंबरसारखा उलटा हिशोब. .४१० मात्र गेज नाहीच, तो सरळ इंचातला व्यास आहे. म्हणजे १०.४ मिमी; १२ गेजची नळी साधारण १८.५ मिमी.

पंप-अ‍ॅक्शन सोपं आहे. नळीखालचा धरायचा भाग मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. मॉसबर्ग ५०० ही यातली प्रसिद्ध बंदूक, १९६० च्या दशकापासून बनते आणि .४१० मध्येही मिळते. तिचा सेफ्टीचा खटका वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येतो, त्यामुळे डावखुऱ्यालाही अडचण नाही.

खरी गंमत बंदुकीत नाही, काडतुसात आहे. शिकारी झाडाला टेकून निश्चल बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नर जवळ आला की डोक्या-मानेवर नेम धरतो. तिथे पुरेसे छर्रे लागले तरच पक्षी जागेवर मरतो, नाहीतर जखमी होऊन झाडीत तडफडत राहतो. तीन इंची .४१० काडतुसात शिशाचे ६ नंबरचे छर्रे जेमतेम १५० च्या आसपास मावतात. म्हणून पंचवीसेक यार्डांपलीकडे ही बंदूक टर्कीसाठी भरवशाची मानली जात नव्हती.

मग टंगस्टनचे छर्रे आले, टीएसएस म्हणतात त्यांना. शिशाची घनता ११.३, यांची सुमारे १८ ग्रॅम प्रति घन सेंमी. वजनदार असल्याने छर्रा छोटा ठेवला तरी खोल शिरतो, आणि छोटा म्हणून संख्येने जास्त मावतो. फेडरल कंपनीच्या तीन इंची .४१० काडतुसात ९ नंबरचे जवळपास २९० छर्रे असतात. आता चांगला चोक (नळीच्या तोंडाचा आवळ भाग) लावून ४० यार्डांपर्यंत मारा जमतो. धक्का कमी, वजन कमी, म्हणून पोरांना पहिली बंदूक हीच देतात. काडतूस मात्र महाग, एकेक कित्येक डॉलरचं!

पण ४० यार्ड हे बॉक्सवर वाचून ठरवायचं नसतं. टीममेट आधी कागदावर झाडून बघतो: १० इंची वर्तुळात शंभरेक छर्रे पडले, तर तेवढं अंतर त्याच्या बंदुकीचं. आणि कपड्यांत लाल, पांढरा, निळा रंग तो मोज्यांतसुद्धा ठेवत नाही. नराच्या डोक्यावर हेच तीन रंग असतात, आणि झाडीतून ते दिसले की दुसरा शिकारी माणसालाच टर्की समजू शकतो.

काही राज्यांत टर्कीसाठी .४१० चालत नव्हती, नंतर परवानगी मिळाली, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचे चालू नियम पाहावेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि बंदूक ठेवायलाही परवाना लागतो, तेव्हा आपल्यासाठी शॉटगन गेममधलीच.