सफरचंदाची नानकटाई : एका फराळाचा पूर्वेतिहास

निरभ्र आकाश, निवळलेले पाणी आणि पूर्ण चंद्र ही शरद ऋतूची लक्षणे आपल्या प्राचीन कवींनी सांगून ठेवली आहेत. दिल्लीकर मराठी माणसाला शरदाची वार्ता आणखी दोन मार्गांनी कळते. सायंकाळी रस्त्याकडेच्या सप्तपर्णीचा उग्र गंध दरवळू लागतो आणि फळवाल्याच्या हातगाडीवर सफरचंदांची रास चढते. पाठोपाठ कोजागिरी येते आणि तिच्या मागून फराळाचे डबे घासूनपुसून उन्हात वाळत पडतात. मुनिरक्यातील आम्हां काही मराठी कुटुंबांत याच दिवसांत एक लहानसा, एका घासाचा पदार्थ भाजला जातो. सफरचंदाचा आटवलेला गर आणि दालचिनी-जायफळाची पूड घातलेली ही नानकटाई दिवाळीच्या ताटात चकली-चिवड्याच्या शेजारी दिसली, की नवागत पाहुणा हमखास विचारतो, "हे आपले आहे का?"

मंडळाच्या फराळविक्रीत ही नानकटाई ठेवावी की नाही, यावर आपल्यांतही दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, चौदाशे किलोमीटर दूर राहून जे चार पदार्थ आपण जपले, त्यांत परक्याची भर नको. दुसरा पक्ष म्हणतो की, मुलांना जे आवडते ते घरात भाजले नाही तर ती भाजणेच विसरतील. दोन्ही पक्षांची कळकळ खरी आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या निमित्ताने या पदार्थाचा पूर्वेतिहास शोधून पाहावा, असे आम्हांस वाटले.

आरंभ 'फराळ' या शब्दापासूनच करू. हा शब्द 'फलाहार' या संस्कृत शब्दापासून आला आहे. उपवासाच्या दिवशी फळांवर भागवावे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. कालांतराने उपवासाचे खाणे आणि पुढे सणाचे खाणे असा त्याचा विस्तार होत गेला व आज दिवाळीच्या फराळात फळ औषधालाही सापडत नाही. शिवाय ज्या चिवड्याला आपण अस्सल मानतो, त्यातील मिरची आणि शेंगदाणा या दोन्ही वस्तू मुळात अमेरिका खंडातील असून युरोपीय दर्यावर्दींच्या संचारानंतरच त्या आपल्याकडे आल्या. शिवपूर्वकालीन महाराष्ट्रातील एखादी गृहिणी आज आपल्या स्वयंपाकघरात आली, तर तिला अनारसे ओळखू येतील. चिवडा मात्र तिला बुचकळ्यात पाडील.

आता भट्टीकडे वळू. आपल्या घरात चूल होती, वैल होता, पुढे शेगडी आली. उकडणे, तळणे, परतणे, तव्यावर वा निखाऱ्यांवर भाजणे या सर्व क्रिया आपल्या सुगरणींना अवगत होत्या. चोहोबाजूंनी सारखी उष्णता देणारी बंद भट्टी मात्र घरात नव्हती. तिची उणीव भरून काढण्याची एक युक्ती होती. पातेल्याखाली मंद विस्तव ठेवायचा, वर झाकण घालून त्यावर निखारे पसरायचे आणि पदार्थ दोन्हीकडून भाजून घ्यायचा. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचे भानोले पूर्वी असेच होत असे. दिल्लीत थंडीच्या सुमारास हातगाडीवर नानकटाई भाजणारे विक्रेते आजही हीच युक्ती वापरतात, हे ज्यांनी जुन्या शहरात फेरफटका मारला आहे त्यांना ठाऊक असेल.

बंद भट्टीचा पाव आपल्या किनाऱ्यावर आला तो युरोपीयांबरोबर. गोव्यात पोर्तुगीजांचा आणि सुरतेत डचांचा वावर त्यास कारण झाला. सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० या सालांतील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. त्याच सुरतेत डचांची वखार होती. नानकटाईच्या जन्माची कथा तेथीलच सांगतात. डचांसाठी चालणारी एक पावभट्टी ते निघून गेल्यावर एका पारशी कारागिराच्या हाती आली. ताडीने आंबवलेला पाव स्थानिक लोक घेईनात. मग सुकवलेला पाव खपू लागला व त्या वाटेने पुढे मैदा, तूप आणि साखर यांचा, आंबवण न लागणारा नवा पदार्थ तयार झाला. ही कथा सुरतेच्या दोतीवाला घराण्याशी जोडली जाते. दंतकथेचा अंश वगळला तरी नाव पुरेसे बोलके आहे. 'नान' म्हणजे फारसीत रोटी; 'खताई'चा संबंध काही जण चीनच्या 'खता' या जुन्या नावाशी लावतात. सारांश, फारसी नावाचा, युरोपीय भट्टीत भाजलेला आणि गुजरातच्या बंदरात वाढलेला हा पदार्थ आहे.

त्यात पडणाऱ्या जायफळाचा प्रवासही याच डचांशी निगडित आहे. जायफळाचे मूळ स्थान पूर्वेकडील बांदा बेटे. १६२१ साली डच कंपनीने ती बेटे रक्तपात करून ताब्यात घेतली व जायफळाच्या व्यापारावर मक्तेदारी बसवली. आज आपल्या कोकणातच जायफळाच्या बागा आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' हे जायफळाचे व 'कोकण तेज' हे दालचिनीचे वाण दिले आहे. गावाहून परतताना आमच्यापैकी अनेकांच्या सामानात त्या जायफळांची पुरचुंडी असते.

भट्टीतले खाणे आपल्या समाजाने सहजासहजी स्वीकारले असे मात्र नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने एक सभा झाली. सभेनंतर उपस्थितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे उपस्थितांपैकी होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षे गाजला. एका बिस्किटाने पुणे हलवून सोडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच शतकाच्या अखेरीस येथे दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली होती. आपल्या मालाला उच्चवर्णीय हिंदूंवाचून कोणाचा हात लागत नाही, अशी जाहिरात तिला करावी लागे. धर्म बुडेल ही भीती आणि बिस्किटाचा मोह या दोहोंचा व्यापार त्या काळी एकाच दुकानात चाले.

पंचहौदाच्या प्रकरणानंतर वीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढील दोन पिढ्यांत चित्र पालटले. १९३७ साली डालडा बाजारात आला व मध्यमवर्गाला तुपाची काटकसर साधता येऊ लागली. महाराष्ट्रातील गावोगावच्या बेकऱ्यांपुढे दिवाळीच्या आधी बायकांच्या रांगा लागू लागल्या. घरचा मैदा, घरची साखर आणि घरचे तूप डब्यात घालून न्यायचे आणि भट्टीवाल्याकडून भाजलेल्या बिस्किटांचा व नानकटाईचा डबा भरून आणायचा, ही रीत आमच्या बालपणी सर्वत्र होती. भट्टीवाला कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्या रांगेत कोणी विचारीत नसे. ज्या पदार्थासाठी आजोबांच्या पिढीने प्रायश्चित्त घेतले, तो नातवंडांच्या दिवाळीच्या ताटात निमूटपणे येऊन बसला.

राहता राहिले सफरचंद. या शब्दाचे नाते 'सफरजल' या अरबी शब्दाशी आहे, असे मानतात. काश्मिरात अंबरीसारखी जुनी जात पूर्वापार होतीच. आजच्या हिमाचलात मात्र युरोपीय जातींच्या बागा कुलू खोऱ्यात १८७० च्या सुमारास कॅप्टन ली यांनी व सिमल्याजवळ मशोबऱ्यास १८८७ साली अलेक्झांडर कूट्स यांनी लावल्या. ती इंग्रजी फळे आंबट होती. आपल्या जिभेला ती रुचली नाहीत. गोड सफरचंद आणले ते सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांनी. १८८२ साली जन्मलेला हा फिलाडेल्फियाचा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी भारतात आला, कोटगढ येथे स्थायिक झाला व तेथीलच कन्येशी त्याने विवाह केला. मिसूरी राज्यातील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतील 'रेड डिलिशस' जातीची कलमे त्याने १९१६ साली कोटगढास लावली. ते फळ बाजारात चालले आणि डोंगरी शेतकऱ्यांच्या संसाराला स्थैर्य आले.

याच स्टोक्सनी १९२१ साली, भारतीयांनी सरकारी नोकरीचा त्याग करावा, असे आवाहन करणाऱ्या काँग्रेसच्या जाहीरनाम्यावर सही केली व तुरुंगवास पत्करला. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. १९४६ साली ते निवर्तले. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना त्यांचे सफरचंद अधिक गोड लागते की त्यांचा उपदेश, हे न सांगणेच बरे!

सफरचंद आणि मराठी चाकरमान्या यांचा दिल्लीतील मार्ग जवळजवळ एकच आहे. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली व १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. उन्हाळ्यात सरकार सिमल्यास जाई व शरदात खाली उतरे. फळेही त्याच सुमारास त्याच डोंगरातून खाली येत. स्वातंत्र्यानंतर काकासाहेब गाडगीळ, चिंतामणराव देशमुख, यशवंतराव चव्हाण अशी मातब्बर मंडळी केंद्रात आली आणि सचिवालयांतून मराठी कारकून व अधिकाऱ्यांची संख्याही वाढत गेली. मुनिरका हे तेव्हा टोकस जाटांचे गाव होते. त्याची शेते शासनाने घेतली. भोवती रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे उभी राहिली. ज्या जमिनीवर आपण फराळ करतो, ती कोणाची तरी गव्हाची शेती होती, याचे स्मरण ठेवणे हेही इतिहासाचेच काम आहे. १९७७ साली आझादपूरची घाऊक मंडई सुरू झाली व शरदात सफरचंद मध्यम वेतनाच्या घरातही पेटीने येऊ लागले.

येथे आपल्या आयांपुढे अडचण होती ती वेगळीच. गावाकडची बेकरी मागे राहिली होती. सणासाठी रेशनवर मिळणारी जादा साखर जपून वापरावी लागे. तेव्हा घरोघरी विजेचा तो गोल ॲल्युमिनियमचा, वर काचेची खिडकी असलेला ओव्हन आला. एकाच्या घरी असला की चार घरांचे ताट त्यात भाजून निघे. १९७० साली प्रसिद्ध झालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' त्याच्या शेजारी उघडी असे. वाटी-चमच्याच्या मापामुळे ती परमुलखातील नवख्या गृहिणीलाही आपली वाटे. पेटीच्या तळाशी चार मऊ पडलेली सफरचंदे उरत. ती वाया जाऊ नयेत या काटकसरीतून नानकटाईत त्यांचा गर गेला, असे आमच्या घरातील वडीलधारी सांगत.

या संयोगात थोडे शास्त्रही आहे. नानकटाईचा खुसखुशीतपणा तुपावर अवलंबून असतो. रवाळ तूप व पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसली आणि मैदा हलक्या हाताने मिसळला, म्हणजे तूप पिठाच्या कणांना वेढते व पिठात चिकटपणा उत्पन्न होत नाही. सफरचंदात मात्र शंभरांत सुमारे पंच्याऐंशी भाग पाणीच असते. ते पिठात गेले की नानकटाई वातड होते. म्हणून एका मध्यम फळाचा कीस दोन चमचे साखरेबरोबर मंद आचेवर, कढईची कड सोडून गोळा होईपर्यंत आटवावा. तीन-चार चमचेच गर उरतो. तो पूर्ण निवल्यावर दालचिनी व जायफळाची पूड घालावी. दोन वाट्या मैद्यास एक वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर आणि चिमूटभर सोडा पुरतो. फळातील आम्लाशी सोड्याचा संयोग होऊन वर सुंदर भेगा पडतात. मोठ्या सुपारीएवढे गोळे करून किंचित दाबावेत आणि १६० ते १७० अंश सेल्सिअसवर अठरा-वीस मिनिटे भाजावेत. साधी नानकटाई कित्येक आठवडे टिकते. ही आठवड्याच्या आत संपवावी लागते. त्यामुळे ती साठवून ठेवण्यापेक्षा वाटण्याच्याच उपयोगाची. शेजारच्या पंजाबी, बंगाली व मल्याळी घरांत आपल्या फराळापैकी प्रथम रिकामी होते ती हीच ताटली.

तेव्हा "हे आपले आहे का?" या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. यातील भट्टी युरोपची, नाव फारसीचे, फळाचे कलम अमेरिकेचे, जायफळ मूळ बांदा बेटांचे आणि घर मुनिरक्याचे आहे. परंतु आश्विनात घरच्यांनी एकत्र बसून ते वळावे, देवापुढे ठेवावे आणि मग शेजाऱ्यांना द्यावे, ही रीत आपली आहे. फराळाला त्याचे हरवलेले फळ त्यातून परत मिळते, हा लाभ निराळाच. चिंता करावयाची तर ती या नव्या पदार्थाची करू नये. १९७५ च्या आसपास ज्या घरांत चार कुटुंबांचा फराळ होत असे, त्यांपैकी अनेक घरांत आज दोघेच वृद्ध राहतात, मुले बंगळूरला वा परदेशी असतात आणि डबा दुकानातून येतो. चकली जुनी असूनही त्या घरातून गेली. नवा पदार्थ तिला घालवावयास आला नव्हता.

याकरिता मंडळास आमची एक विनंती आहे. या वर्षी फराळविक्रीच्या आधी एक रविवार मंडळाच्या सभागृहात सर्वांनी मिळून फराळ करण्यासाठी ठेवावा. ज्येष्ठ भगिनींनी करून दाखवावे, तरुणांनी हात लावावा आणि एकाने वही घेऊन प्रत्येक घरचे माप वाटी-चमच्यात लिहून घ्यावे. त्या वहीत अनारसे असावेत, कडबोळी असावीत आणि सफरचंदाची नानकटाईही असावी. आणखी पन्नास वर्षांनी जो कोणी मंडळाचा इतिहास लिहील, त्याला आमच्या या लेखापेक्षा ती तेलकट डागांची वही अधिक उपयोगी पडेल.