बडोद्याची शिष्यवृत्ती आणि दहा वर्षांचा करार

संस्थानाच्या खर्चाने पदवीधरास परदेशी विद्यापीठात पाठवायचे आणि परतल्यावर त्याच्याकडून ठरावीक वर्षे सरकारी नोकरी करून घ्यायची, या पद्धतीचा अवलंब विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदा संस्थानाने केला होता. विद्येला राजाश्रय देण्याची परंपरा मराठी मुलखात त्याआधीही होती. पेशवाईत पुण्यास श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दिले जाणारे द्रव्य, ही त्याच परंपरेतली. पण ती घेणाऱ्यावर चाकरीचे बंधन नसे आणि तिला पात्र कोण हे आधी जातीने ठरे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीत या दोन्ही गोष्टी बदलल्या.

या बदलामागे संस्थानाची गरज होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. असा कारभार चालवण्यास आधुनिक विद्या शिकलेले अधिकारी हवे होते, आणि ते घडवण्याचा एक मार्ग म्हणजे शिष्यवृत्ती. अर्जदाराच्या हुशारीइतकेच महत्त्व त्याची बाजू महाराजांपर्यंत पोहोचवणाऱ्याला असे, कारण अखेरचा निर्णय त्यांचाच असे. भीमराव आंबेडकर महाविद्यालयात शिकत असताना त्यांच्यासाठी शिक्षक व लेखक कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी रदबदली केली, आणि त्यांना दरमहा २५ रुपयांचे साहाय्य मंजूर झाले.

बी.ए. झाल्यावर आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण वडिलांच्या निधनामुळे त्यांना लवकरच मुंबईस परतावे लागले. त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवण्याचे ठरवले, त्यांत त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावा आणि शिक्षण संपल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करावी, या त्यातील मुख्य अटी होत्या, तर संस्थानाने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे होते. त्याच वर्षीच्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. पदवी मिळवली. पुढे लंडनमधील अभ्यासासाठी मुदत वाढवून मिळाली खरी, परंतु ती १९१७ मध्ये संपताच तो अभ्यास अर्धवट टाकून त्यांना करार पाळण्यासाठी परतावे लागले.

कराराची उणीव येथे उघड झाली. अधिकारी म्हणून बोलावलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हिंदू खानावळीचे दार बंद असल्याने ते पारशी असल्याचे सांगून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर पडण्यास भाग पाडले. परिचितांकडेही आसरा न मिळाल्याने त्यांनी बडोदा सोडले. नोकरीचे दार राजाच्या आज्ञेने उघडले होते, घरांची दारे मात्र त्या आज्ञेबाहेर होती. विद्यार्थ्याने काय करावे हे करारात कलमवार होते. ते काम त्याला सन्मानाने करता यावे याची जबाबदारी कोणाची, याबद्दल त्यात काहीच नव्हते.

म्हणून ही योजना फसली असे मात्र म्हणता येत नाही. दहा वर्षांची चाकरी संस्थानाच्या पदरात पडली नाही, तरी संस्थानाच्या पैशाने मिळालेली विद्या त्याच्या सीमेपलीकडे देशाच्या उपयोगी पडली. आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले, आणि त्यांच्या पाठपुराव्यानंतर १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्याही स्वरूपात पुढे बदल होत गेले, पण ती योजना आजतागायत चालू आहे.