इंजिन मागे गेले आणि पंखा अडकला

१/ १९३६ मध्ये अमेरिकेतील ग्रेहाउंड कंपनीने 'सुपर कोच' ही बस रस्त्यावर आणली. येलो कोचने बांधलेल्या या बसचे इंजिन पार मागच्या टोकाला होते. प्रवाशांना आवाज कमी, जागा अधिक आणि पायांखाली सामानाचे कप्पे. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी पुढे हाच साचा उचलला. या सोयीची किंमत मात्र सुमारे सत्तर वर्षे मोजावी लागली.

२/ आपली जुनी लाल एसटी आठवावी. इंजिन चालकाशेजारी, रेडिएटर पुढच्या जाळीमागे. गाडी धावली की वारा आपोआप त्यावर आदळतो. इंजिन मागे गेले आणि हा फुकटचा वारा संपला. रेडिएटर बसच्या कुशीला किंवा पाठीला बसला आणि हवा ओढण्याचा जवळजवळ सारा भार पंख्यावर आला.

३/ पंखा तर पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. भरलेली बस घाट चढते तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या पडतात, पंखा मंदावतो आणि इंजिन नेमके तेव्हाच सर्वाधिक तापते. उलट थंडीत, सपाट महामार्गावर, तो उगाच भरवेगाने फिरतो. हे 'उगाच' फार महाग पडते. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग निम्मा केला तर शक्ती एक-अष्टमांश पुरते. मोठ्या बसचा पंखा भरवेगात वीस-तीस अश्वशक्ती सहज खातो.

४/ मग आला तेलाच्या दाबावर फिरणारा पंखा. पंप इंजिनावर, मोटर पंख्यावर, मधे नळ्या. आता पंखा हवा तिथे बसवता येऊ लागला. पण दाबाखालचे तेल, जुनाट नळी आणि शेजारी लालबुंद एक्झॉस्ट! गळतीतून लागणाऱ्या आगीची भीती बस-आगारांच्या कायमची मागे लागली.

५/ वीज का नाही वापरली? छोट्या गाड्यांनी वापरली. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये विजेचा पंखा होता. बसचे गणित वेगळे. वीस अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॉट. २४ व्होल्टवर ६०० अँपिअरहून अधिक प्रवाह. तेवढा देणारा ऑल्टरनेटर नव्हता, आणि मोटरचे कार्बन ब्रश झिजत ते वेगळेच.

६/ कोंडी फोडण्याची निकड प्रदूषणाच्या कायद्यांनी निर्माण केली. ऑक्टोबर २००२ पासून अमेरिकेतील बहुतेक जड डिझेल इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जाऊ लागला. ती सारी उष्णता रेडिएटरच्या पाण्यात उतरली. २००७ व २०१० चे नियम त्याहून कडक होते. तोवर ब्रशविरहित मोटर आणि दणकट ऑल्टरनेटर हाताशी आले होते.

७/ त्याच दशकात मिशिगनमधील एस्कनाबा येथील ईएमपी कंपनीने शहरी बससाठी 'मिनी हायब्रिड' ही विजेवरची शीतन-यंत्रणा आणली. एका अजस्र पंख्याऐवजी छोट्या पंख्यांची रांग, प्रत्येकाचा वेग तापमान पाहून ठरणारा. एखादा बंद पडला तरी बस रस्त्यात अडत नाही. घनाचा नियम, जो इतकी वर्षे डिझेल जाळत होता, तोच आता बचत करू लागला, कारण बहुतेक वेळ पंखे मंद फिरले तरी पुरते.

८/ चाकांवरची घरे, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेली मोठी मोटरहोम, यांचे दुखणे आणखी निराळे. मागे रेडिएटर असलेल्या गाड्यांत पंखा चाकांची धूळ आणि इंजिनाची तेलकट वाफ ओढून रेडिएटरवर थापतो. थर आतल्या बाजूला असल्याने दिसतही नाही, आणि गाडी पहिल्या मोठ्या चढणीला उकळते. विजेचे पंखे उलटेही फिरवता येतात. काही क्षण उलटी हवा सोडली की सुटी धूळ उडून जाते; तेलात चिकटलेली मात्र हातानेच धुवावी लागते.