लाळेतलं जस्त

"डॉक्टर, तोंडाला चवच नाही, झिंकची गोळी घेऊ का?" असं तुम्ही विचारता, त्यामागे जुनी गोष्ट आहे. लाळेत जस्त अगदी नाममात्र असतं. ते मोजायचं कसं? १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी वाट दाखवली. नमुना ज्योतीत फवारायचा आणि त्या धातूचे अणू ठरावीक प्रकाश किती शोषतात ते बघायचं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हेन्किन यांनी लाळेतलं जस्तयुक्त प्रथिन, गस्टिन, वेगळं केलं. चव गेलेल्या काही रुग्णांत ते कमी भरलं. मग जस्त दिलं की चव परत येणार, असंच वाटणार ना? १९७६ मध्ये हेन्किन यांनीच तुलना करून पाहिली: जस्ताची गोळी आणि औषध नसलेली गोळी, गुण सारखाच! म्हणून मी आधी तुमच्या चालू गोळ्या विचारतो, जीभ-हिरड्या बघतो.